खालच्या टाकीतली रिकामी जागा

त्या दुष्काळी उन्हाळ्यात बीडमधल्या आमच्या गल्लीत दिवसभर पाणी वाहण्याचा आवाज येणारं घर एकच होतं, आणि दुर्दैवानं ते माझं होतं.

आवाज काही मोठा नव्हता. गुळूक, मग थोडं थांबून भळभळ, मग परत गुळूक. पण ज्या गल्लीत नळ कधी येईल हे कुणालाच सांगता येत नव्हतं आणि बायका टँकरची वाट बघत उंबऱ्यावर बसून असायच्या, तिथं तो आवाज सगळ्यांच्या कानात जायचा. पहिल्याच दिवशी समोरच्या काकू कडेवर घागर घेऊन जिना चढून आल्या. "नळ आलाय न्हवं तुमच्याकडं? आवाज यायलाय की." मी त्यांना आत नेऊन काचेची टाकी दाखवली. खाली दुसरी टाकी आहे, तिच्यातून मोटर पाणी वर टाकते, वरून ते पाइपानं परत खाली येतं, एकच पाणी फिरतं, जाया काही होत नाही, असं हातवारे करून समजावलं. काकूंनी ऐकून घेतलं. माशांकडं बघितलं, मग आपल्या रिकाम्या घागरीकडं. "बरं हाय बाबा त्यांचं," म्हणाल्या आणि जिना उतरल्या. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

टाकी मी आईसाठी आणली होती. हे ऐकून कुणालाही हसू येईल, माझी बायकोही हसली होती. आई चकलांब्याला राहणारी, जन्म गाई-म्हशींत गेलेला. गावातल्या बायकांनी मिळून दूध संस्था काढली तेव्हापासून ती संस्थेची चेअरमन. या चेअरमनबाई उजाडायच्या आत संस्थेची खोली स्वतः उघडायच्या, कॅन घासून पालथे घालायच्या, दूध मापून घ्यायच्या आणि तालुक्याहून गाडी येईपर्यंत कॅन गळ्यापर्यंत भरून, झाकण ठोकून दारात ठेवायच्या. गळ्यापर्यंत भरण्यावर तिचा भारी कटाक्ष. अर्धा कॅन गाडीत हिंदकळतो, त्यात आमच्याकडचे रस्ते, आणि पोचेपर्यंत दूध घुसळून वर लोण्याचे गोळे येतात. असं दूध परत येतं. म्हणून तिनं अर्धा कॅन कधी गाडीत चढू दिला नाही. कमी पडलं की घरातलं आणून ओतायची आणि आम्ही पोरं कोरा चहा प्यायचो. गावाला तिच्या भरल्या कॅनचा अभिमान होता. मला लहानपणी त्या कॅनचा राग यायचा.

त्या वर्षी विहिरी तळाला गेल्या. संस्थेतल्या कितीतरी बायका ऊसतोडीला गेल्या होत्या त्या हंगाम संपल्यावरही तिकडंच काही काम बघत राहिल्या. उरलेल्यांनी कुणी जनावरं विकली, कुणी चारा छावणीत नेली. आमची गुरं घेऊन थोरला भाऊ छावणीतच मुक्कामाला गेला. मग एका सकाळी कॅन भरला नाही. दुसऱ्या सकाळीही भरला नाही. आईनं अर्धा कॅन पाठवला नाही. बायकांना त्यांचं त्यांचं दूध परत दिलं, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली कमरेच्या पिशवीत टाकली. गाडी पुढं काही दिवस फाट्यापर्यंत येत राहिली, मग तीही बंद झाली.

गावच्या टँकरपाशी रांगेत ती चक्कर येऊन पडली तेव्हा मी जाऊन तिला घेऊन आलो. ती एक पिशवी घेऊन आली आणि आल्या दिवसापासून तिचा पाय घरात ठरेना. कोंबडं आरवायच्या आधी उठायची, स्वयंपाकघरातली सगळी भांडी परत घासायची, पालथी घालायची आणि मग दारात जाऊन उभी राहायची. कशाची वाट बघते ते मला कळायचं आणि त्यानं मी आणखी चिडायचो. मी कोचिंग क्लासला दहावीच्या पोरांना विज्ञान शिकवायचो, बायको अंबाजोगाईच्या दवाखान्यात नर्स, ती रविवारी यायची. म्हणजे आठवडाभर दोन खोल्यांत आम्ही दोघं, आणि दोघांनाही एका जागी बसायची सवय नाही. मी चपला घालायचो आणि काढायचो. ती खिडकीशी जायची आणि परत यायची.

"मला नेऊन घाल गावाला," ती रोज म्हणायची.

"तिथं आहे काय आता?"

"हितं तरी काय हाय?"

मला एवढंच ठाऊक होतं की ती तिथं परत गेली तर रांगेत पुन्हा पडेल आणि या खेपेला उचलायलाही कुणी नसेल. तिला थांबवायचं, बस. कशानं थांबवायचं याचा विचार करत असताना बायकोनं फोनवर सहज सांगितलं की, दवाखान्यातले एक डॉक्टर बदली होऊन चाललेत, त्यांच्या माशांच्या टाकीला कुणी गिऱ्हाईक मिळेना, फुकट न्या म्हणतात. मी लगेच टेम्पो ठरवला. आईला हाताखाली जनावर पाहिजे, मला शहरात म्हैस बांधता येत नाही, तर मासे का होईनात, असा माझा हिशेब. गोधड्यांत गुंडाळलेल्या दोन काचेच्या टाक्या चार जणांनी जिन्यातून वर आणल्या तेव्हा आई दारात उभी होती. तिनं पिशवीतले तांबडे-काळे मासे निरखून बघितले.

"ह्यांची धार काडायची का काय?" तिनं विचारलं.

टेम्पोवाला हसत सुटला. मीही हसलो, पण खरं सांगायचं तर मनातून खट्टू झालो.

पाणी घरमालकाच्या बोअरचं होतं. खारट, प्यायला निकामी, दिवसातून थोडा वेळ करंगळीएवढी धार यायची. कूलरसाठी साठवलेलं ते पाणी मी टाकीला दिलं आणि त्या उन्हाळ्यात कूलर लावलाच नाही. एवढं करूनही टाकीकडं बघताना चोरी केल्यासारखं वाटायचं, म्हणून मी गल्लीकडची खिडकी लावून घ्यायचो. आवाजाला मात्र खिडकी लावता येत नव्हती.

आईला त्या आवाजानं पार बेजार केलं. दुपारी जरा डोळा लागला की ती दचकून उठायची आणि सरळ मोरीत जायची. तिथला नळ कोरडा. मग स्वयंपाकघरातला बघायची, तोही कोरडा. मग तिला टाकी आठवायची आणि ती कपाळावर हात मारून परत आडवी व्हायची. पण पाणी वाहतंय आणि आपण पडून आहोत हे तिच्या अंगाला सहनच व्हायचं नाही. "कावून रं चालू सोडून गेलतास?" मी क्लासवरून आलो की पहिलं हे.

"आई, ते बंद करायचं नसतं. मासे मरतील."

"मग वाजतंय कावून? गुमान यायला काय हुतंय त्याला?"

हा प्रश्न रास्त होता. मी त्या पाइपाच्या मागं लागलो.

वरच्या टाकीला मागच्या बाजूला, काठाच्या थोडं खाली एक भोक होतं. त्यात टाकीचं निप्पल, म्हणजे नळी जोडायची तोटी, बसवलेलं, निप्पलाला रबरी नळी, आणि नळीचं दुसरं टोक खालच्या टाकीत नुसतं सोडलेलं. पाण्याबरोबर हवा आत जायची म्हणून गुळगुळ, आणि नळीचं टोक पाण्याच्या वर लोंबायचं म्हणून भळभळ. टोक पाण्यात बुडवलं तर आवाज निम्मा झाला. पण आता नळी थरथरायला लागली आणि एक दिवस माझ्या डोळ्यांदेखत निप्पलावरून सुटली. मी जागेवर होतो म्हणून झटकन मोटरचं बटण दाबलं. नाहीतर मोटरनं खालची टाकी चाटूनपुसून वर टाकली असती आणि ते सगळं पाणी त्या भोकातून फरशीवर आलं असतं.

त्या दिवसापासून माझं डोकं त्या सांध्यात अडकलं. मी फळ्यावर आकृती काढत असायचो आणि मनात यायचं, सुटली असणार. चौकात चहा घेताना, रिक्षात बसताना, कुणाशी बोलताना तेच. एकदा तर भर तासात पोरांना गणित घालून घरी पळालो, जिना धापा टाकत चढलो. आई टाकीसमोर शांत बसलेली, नळी जागेवर. "काय रं? काय इसरलं?" मी काहीतरी पुटपुटलो आणि तसाच परत गेलो.

हार्डवेअरच्या दुकानात माझी रोजची फेरी सुरू झाली. आधी स्क्रूनं आवळायची क्लिप आणली. ती एवढी आवळली की नळीच चिरली. मग रबर फेकून कडक पाइप आणला, वळणाला दोन एल्बो आणले, पाइप चिकटवायच्या सोल्युशनचा डबा आणला आणि एका दुपारी वरपासून खालपर्यंत सगळं चिकटवून टाकलं. हातानं ओढून बघितलं. लोंबकळलो असतो तरी सुटलं नसतं. मी इतका खूश झालो की त्या रविवारी बायको आल्या आल्या तिला हात धरून टाकीमागं नेलं.

तिनं वाकून बघितलं. "आता आत काही अडकलं तर उघडायचं कसं?"

"अडकत नाही काही."

"तुम्हाला सगळं चिकटवूनच ठेवायचं असतं," ती म्हणाली आणि चहा ठेवायला गेली.

आठवडा काढला नसेल, वरच्या टाकीतली वनस्पतीची एक फांदी पाइपात जाऊन बसली आणि वरचं पाणी काठाशी यायला लागलं. मोटर बंद केली. पाइप उघडायचा तर उघडायला सांधाच नव्हता. तारेनं टोचून बघितलं, फुंकून बघितलं, तोंडात माशांचं खारट पाणी गेलं. शेवटी लोखंड कापायच्या पात्यानं तो सगळा पाइप कापून काढला. शिव्या देत होतो ते आईला ऐकू जात होतं. तिनं मला पाणी आणून दिलं आणि म्हणाली, "पुन्यांदा बसीवताना मदी खोलायचा आटा ठिव की. आमच्या संस्थेच्या खोलीला बी कुलूप हाय, भित न्हाई घातली."

दुकानदारही तेच सांगत होता, फक्त त्याला युनियन म्हणत होता. मधोमध आट्याचा सांधा, हातानं फिरवला की पाइप दोन भाग होऊन मोकळा. तो बसवला. वर निप्पलाशी सोल्युशन लावलं, खाली लावलं नाही. पाइप स्टँडच्या पायाला टेकवून क्लिपांनी बांधला. तरी तो एका जागी लोखंडावर आपटून टकटक करायचा. आईनं कुठून तरी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी काढली, पाइप आणि स्टँड यांच्यामध्ये घालून फेरे मारले आणि दातांनी ओढून गाठ मारली. गावाकडं कॅनच्या कड्या ती अशाच बांधायची, गाडीत वाजू नयेत म्हणून. मग मी वरच्या एल्बोपाशी एक कॉक बसवला आणि तो किंचित बंद करत गेलो. पाइप हवा ओढायचा थांबला आणि पूर्ण पाण्यानं भरून वाहायला लागला. तोंड पाण्याखाली, आत हवा नाही. एकदम शांत.

आम्ही दोघं त्या शांततेत बसून राहिलो. आई उठली, वाकून खालच्या टाकीत बोट घातलं. पाणी येत होतं. "गुमान आलं बघ," ती म्हणाली. चकलांब्याहून आल्यापासून तिच्या चेहऱ्यावर हसू मी तेव्हा पहिल्यांदा बघितलं.

त्यानंतर तिनं टाकी ताब्यात घेतली. सकाळी संस्थेच्या वेळेला आणि संध्याकाळी संस्थेच्या वेळेला माशांना चिमटीनं मोजून दाणे. जो मासा दुसऱ्यांच्या तोंडचं ओढायचा त्याला ती शिव्या द्यायची. एका जाड्या काळ्या मासोळीला तिनं आपल्या म्हशीचं नाव ठेवलं. काचेवरचं शेवाळ पुसलेला फडका पिळून ते पाणी तुळशीला. "मला नेऊन घाल" हे रोजचं होतं ते दोन-चार दिवसांनी, मग आठवड्यानं यायला लागलं. मी खूश होतो आणि बोलायचो नाही, दृष्ट लागेल म्हणून.

एक गोष्ट मात्र मी तिला पुन्हा पुन्हा सांगायचो. लाइट गेली की मोटर थांबते. मोटर थांबली की वरच्या टाकीतलं भोकापर्यंतचं पाणी, आणि पाइपांतलं सगळं, खाली उतरतं. म्हणून खालची टाकी कधी भरायची नाही. वर वीतभर जागा मोकळी ठेवायची. लाइट रोजच जायची, रोज पाणी त्या वीतभर जागेत येऊन बसायचं आणि लाइट आली की परत वर जायचं. आईनं ते स्वतः बघितलेलं. तरी उन्हानं पाणी आटलं की भर घालताना तिचा हात त्या जागेपाशी घुटमळायचा. "येवढी जागा मोकळी बरी दिसत न्हाई," ती म्हणायची. मी बरं दिसण्याचा प्रश्न नाही म्हणायचो. ती मान हलवायची.

ज्या दिवशी व्हायचं ते झालं त्या दिवशी टँकर अवचित सकाळीच आला. मी क्लासला गेलेलो. टँकरवाल्यानं नळी आमच्या जिन्यापर्यंत ओढू दिली आणि वर सांगितलं की विहिरीचा काही भरवसा नाही, पुढची खेप मिळेल न मिळेल. आईनं पिंप भरलं. बादल्या, कळशी, पातेली, कुकर, डाळीचे डबे रिकामे करून तेही भरले. वाट्यासुद्धा. आणि हातात शेवटची बादली उरली तेव्हा घरात पाणी मावेल अशी एकच जागा राहिली होती.

मला काकूंचा फोन आला. "मास्तर, तुमच्या जिन्यातनं पानी यायलंय."

मी रिक्षा केली. आयुष्यात पहिल्यांदा मी रिक्षावाल्याला हात जोडले. रस्ताभर डोळ्यांसमोर तो सांधा, सुटलेला, लोंबणारा. गल्लीत पोचलो तर टँकरच्या रांगेतल्या बायका अजून तिथंच होत्या, घागरी घेऊन, आणि आमच्या जिन्याच्या शेवटच्या पायरीवरून पाणी उतरून मातीत चाललं होतं. कुणी काही बोललं नाही. काकूंनी पायरीशी पोतं लावून बांध घातला होता आणि ताटलीनं पाणी बादलीत ओढत होत्या. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर लाइट नव्हती. आई काष्टा वर खोचून फरशीवर बसलेली, फडक्यानं पाणी टिपत होती आणि तांब्यात पिळत होती. खालची टाकी काठोकाठ, अजून थेंब थेंब सांडत होती. मी टाकीमागं गेलो. पाइप जागेवर होता. युनियन घट्ट, क्लिपा घट्ट, ट्यूबची गाठ तशीच. ज्या सांध्यानं मला एवढे दिवस झोपू दिलं नव्हतं तो केसभरही हलला नव्हता.

"तुला सांगितलं होतं ना," मी म्हणालो. आवाज चढला होता.

"सांगितलं हुतंस." तिनं वर बघितलं नाही. "आदी सोडली बी हुती जागा. बादली घिऊन हुबी ऱ्हायले. पानी हातात हाय अन् भांडं अर्दं हाय. न्हाई थांबला हात."

मी खाली बसलो आणि दुसरा फडका घेतला. तिचं म्हणणं मला पोटातून कळत होतं, कारण तिच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं. आमच्या भागात वाढलेल्या कुणाचाही हात थांबला नसता.

फरशी कोरडी झाली तरी ती टाकीसमोरून हलली नाही. दुपारी लाइट आली, मोटर घरघरली, आणि खालच्या टाकीतलं पाणी हळूहळू उतरलं. वर वीतभर जागा दिसायला लागली. ती त्या जागेकडं बघत बसली होती. मला वाटलं लाजली असेल, चारचौघींत पाणी सांडलं म्हणून. मी समजूत घालायला गेलो तर तिनं हातानं थांबवलं.

"मला उद्या नेऊन घाल," ती म्हणाली.

"एवढ्याशा गोष्टीवरून?"

"ह्याच्यावरून न्हाई." कमरेची पिशवी उघडून तिनं संस्थेच्या खोलीची किल्ली काढली आणि फरशीवर ठेवली. "छावणी उठली की जनावरं गावात येतेल. कुनाची म्हैस आटलेली आसंल, कुनाची आदी वील. येखादी बाई लिटरभर दूध घिऊन खोलीपशी येईल. कुलूप दिसलं तर ती काय करंल? खासगी डेरीवाल्याची गाडी फाट्यावर हुबी ऱ्हाती. तितं घालंल. अन् येकदा तितं गेली का ती परत येत न्हाई बाबा. दुसरी तिच्या मागनं जाती."

"मग तेव्हा जा ना. पाऊस पडू दे, गुरं येऊ देत."

"तवा खोली झाडायची, कॅन घासायचे का? दार आदीपसून उघडं पायजे." तिनं किल्ली बोटानं फिरवली. "मी कुलूप घालून आले ते चुकलं. कॅन भरना म्हनून घातलं."

मी चिडलो. चक्कर, डॉक्टर, औषधं, रांग, सगळं काढलं. इथं तुझं सगळं मार्गी लागलंय आता, मासे तुझ्या हाताशी आलेत, असंही बोलून गेलो, आणि बोलताना मला माझाच आवाज पोरकट वाटला. तिनं सगळं ऐकून घेतलं. मग इतकंच म्हणाली, "तू लई घट्ट धरतूस रं."

पुढचा रविवार आला तेव्हा बायकोनं गोळ्यांच्या पुड्या करून दिल्या, सकाळच्या वेगळ्या, संध्याकाळच्या वेगळ्या, आणि भावाशी फोनवर बोलून त्याला छावणीतून एक दिवसाआड गावात चक्कर मारायला कबूल करून घेतलं. मी त्यात काहीच केलं नाही. मी टाकीमागं बसून घट्ट असलेल्या क्लिपा पुन्हा आवळत होतो. निघताना आई आरशाकडं गेली. बायकोनं काढून चिकटवलेल्या टिकल्या तिथं ओळीनं होत्या. त्यातली एक लाल टिकली तिनं नखानं सोडवली आणि खालच्या टाकीच्या काचेवर, काठापासून वीतभर खाली, अंगठ्यानं दाबून लावली.

"हिच्यावर न्हाई," ती म्हणाली. मला म्हणाली की स्वतःला, कळलं नाही.

चकलांब्याला मी तिला सोडलं. संस्थेच्या खोलीत धुळीचा थर होता आणि कॅनमध्ये कोळ्यांनी जाळी केलेली. ती पदर खोचून कामाला लागली आणि मला म्हणाली, जा आता, तुझा तास बुडंल. परतीच्या एसटीत माझा जीव खालीवर होत होता, पण या वेळी पाइपासाठी नव्हता.

घरी टाकी गुमान चालायची. इतकी गुमान की मला सहन होईना. एका दुपारी मी वरचा कॉक थोडा मोकळा केला. पाइपानं हवा ओढली आणि गुळूक झालं. समोरच्या काकूंनी खिडकीतून बघितलं, पण आता घागर घेऊन आल्या नाहीत. मी फोन घेऊन बसायचो. चक्कर आली का? नाही. गोळ्या घेतल्यास का? हो. कुणी आलं का? न्हाई अजून. रोज हेच, आणि रोज तिनं दार उघडलेलं असायचं. भाऊ म्हणायचा, रिकाम्या खोलीत रिकामे कॅन घासत बसती, गाव हसायलंय. मी त्याच्यावर ओरडायचो आणि मग मलाच रात्री जेवण जायचं नाही.

पावसानंतर छावणी उठली. भाऊ गुरं घेऊन घरी आला. त्यानंतर काही दिवसांनी क्लासच्या पायऱ्यांवर असताना तिचाच फोन आला. ती कधी स्वतःहून फोन करायची नाही, म्हणून मी पायरीवरच थांबलो.

"काय झालं?"

"आज तिघी आल्या दूध घिऊन," ती म्हणाली. मागं कुठं तरी बादलीचा आवाज येत होता. "गाडीवाल्याला काल निरोप धाडला हुता. आला बिचारा."

"तिघींच्या दुधानं कॅन भरला?"

"कुटला भरतूय. निम्म्याच्या बी खाली हुता."

तिनं दूध त्या बायकांना परत दिलं असणार, खोलीला पुन्हा कुलूप लागलं असणार, असं वाटून मला तिचा आणि त्या कॅनचा, दोघांचाही जुना राग आला.

"मग?" मी विचारलं.

"मग काय. तसाच चढीवला गाडीत," आई म्हणाली. "लोनी झालं तर हू दे. उद्या येनारीला जागा ऱ्हायली."

ती हॅलो, हॅलो म्हणत राहिली, मग फोन बंद पडला समजून तिनं ठेवून दिला. मी घरी गेलो तेव्हा लाइट गेलेली होती, वरचं पाणी खाली उतरलेलं होतं आणि टिकली बुडाली होती. काठ अजून कोरडा होता.